माणूस बघताच कळतो?

गुरूच्या शोधात नामदेव औंढ्याला गेले, तेव्हा नागनाथाच्या देवळात एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निजला होता. ही कथा हिंगोली जिल्ह्यात लहान लेकरालाही ठाऊक असते. नामदेवांना वाटलं, याला देवाची चाड नाही. तो म्हातारा म्हणजे विसोबा खेचर. ते म्हणाले, जिथे पिंड नसेल तिथे उचलून ठेव माझे पाय. पुढचा अर्थ कीर्तनकार सांगतातच. मला त्याआधीचा क्षण महत्त्वाचा वाटतो. देऊळ, पिंड आणि तिच्यावर पाय, एवढं दिसताच समोरच्याच्या मनात काय आहे ते नामदेवांनी ठरवूनही टाकलं. हा निवाडा देवळाच्या रीतीवरून झाला, म्हाताऱ्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. दुसऱ्याचं मन ओळखण्याबद्दल आपल्याकडे जे समज पक्के बसलेत, ते तपासून पाहण्याजोगे आहेत.

गैरसमज : अनुभवी माणसाला चेहऱ्यावरून मनातलं कळतं.

वस्तुस्थिती : हिंगोलीत हळदीचं बीट, म्हणजे लिलाव, चालू असताना बघा. खरेदीदार हळकुंड मोडतो, आतला रंग निरखतो आणि काही न बोलता तुकडा ढिगावर टाकतो. शेतकरी त्याच्या तोंडाकडे बघत असतो. भाव कुठवर चढेल याचा त्याचा अंदाज पुष्कळदा बरोबर येतो, कारण कालचा भाव, आजची आवक आणि या खरेदीदाराची गेल्या हंगामातली वागणूक त्याला माहीत असते. ही माहिती काढून घेतली की चेहरा फारसं काही सांगत नाही. अनोळखी माणूस खरं बोलतोय की खोटं, हे ओळखण्याचे दोनशेहून अधिक अभ्यास बॉन्ड आणि डीपावलो या अमेरिकन संशोधकांनी 2006 साली एकत्र तपासले. लोकांचा अंदाज सरासरी 54 टक्के वेळा बरोबर आला. नाणं उडवलं असतं तरी 50 टक्के आलाच असता. हा ज्यांचा रोजचा धंदा, ते पोलिसांसारखे लोकही इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत.

गैरसमज : दुसऱ्याचं मन समजण्याची जाण वयाबरोबर आपोआप येते.

वस्तुस्थिती : आईने चॉकलेट दुसऱ्या कपाटात हलवलं आणि मुलाने ते पाहिलं नाही, तर तो आल्यावर कुठे शोधेल? विमर आणि पर्नर यांनी 1983 साली लहानांना विचारलेला हा प्रश्न प्रसिद्ध आहे. भारतासह पाच देशांत 2005 साली अशीच चाचणी झाली, तेव्हा बहुतेक मुलांना पाचव्या वर्षाच्या सुमारास योग्य उत्तर जमू लागलं होतं. म्हणजे वयाचा वाटा आहेच. पण आईवडीलही बहिरे असलेल्या, घरात पहिल्यापासून खुणांची भाषा असलेल्या बहिऱ्या मुलांना ही समज वेळेवर येते. ऐकू येणाऱ्या घरातल्या, खुणांची भाषा उशिरा मिळालेल्या बहिऱ्या मुलांना ती कित्येक वर्षं उशिरा येते. त्यांच्या बुद्धीत काही कमी नसतं. मनातलं बोलायला भोवती कुणी नसतं.

गैरसमज : माणूस जसा वागतो तसाच त्याचा स्वभाव.

वस्तुस्थिती : जोन मिलर यांनी शिकागो आणि मैसूरमधल्या लोकांना ओळखीच्यांच्या वागण्याची कारणं विचारली. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मोठ्या वयाचे अमेरिकन अधिक करून स्वभावाकडे बोट दाखवत होते, तर मैसूरचे लोक परिस्थिती आणि नात्यांकडे. आठ वर्षांच्या मुलांमध्ये हा फरक फारसा नव्हता, तो वयाबरोबर वाढत गेला. कारण कुठे शोधायचं हे आपल्याला भोवतालचे लोक शिकवतात.

परिस्थिती पाहण्याची ही सवय आपल्याकडे आहे, पण ती आपण आपल्या माणसांपुरती राखून ठेवतो, असं माझं मत आहे. आपलं लेकरू वर्गात गप्प बसलं तर ते दमलेलं असतं. बंजारा तांड्यावरचं गप्प बसलं तर ते मंद ठरतं. सेनगाव, औंढा भागातल्या तांड्यांवरची कितीतरी कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, परततात. मधले महिने फडावर काढून आलेलं पहिलीचं पोर शेवटी बसतं. घरी गोरबोली, फळ्यावर पुस्तकी मराठी. गुरुजी विचारतात, ते जमिनीकडे बघतं. गुरुजींना वाटतं, याला येत नाही, किंवा हे हट्टी आहे. तांड्यावरचीच चौथीतली एखादी मुलगी शेजारी बसवून तिच्याकडून तोच प्रश्न गोरबोलीत विचारून बघा. पुष्कळदा उत्तर येतं, कारण प्रश्नच पोहोचलेला नसतो. आणि खाली गेलेली ती नजर हट्टाची असेलच असं नाही, मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं कित्येक घरांत अदब मानली जाते.

स्वमग्न व्यक्तींबाबतही हेच घडलं. त्यांना दुसऱ्याचं मन कळत नाही, असं दशकानुदशकं सांगितलं गेलं. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 साली मांडलं की अडचण दोन्ही बाजूंची आहे. इतरांनाही स्वमग्न माणसाचं मन कळत नाही.

गैरसमज : स्वतःला त्याच्या जागी ठेवलं की कळतं.

वस्तुस्थिती : हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो, त्याने आपुलकीही वाढत असेल. पण 2018 साली प्रसिद्ध झालेल्या 25 प्रयोगांत, दुसऱ्याच्या जागी उभं राहून केलेले अंदाज अधिक अचूक ठरल्याचं दिसलं नाही. अचूकता वाढली ती समोरच्याशी थेट बोलल्यावर. शिक्षकांना, ग्रामसेवकांना, दवाखान्यातल्या ताईंना म्हणूनच एक विनंती : गप्प लेकराबद्दल कागदावर काही लिहिण्याआधी त्याला त्याच्या घरच्या भाषेत एकदा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.