द्राक्षाच्या घडाला विचारायचे दोन प्रश्न

लेखमाला : शेत ते ताट (लेखांक 6)

मागच्या लेखात आपण खतांबद्दल बोललो. या वेळी फवारणी. त्यासाठी पीक घेऊ या द्राक्षाचं, कारण महाराष्ट्रात इतकं जपावं लागणारं आणि इतकी औषधं मागणारं दुसरं फळपीक क्वचितच सापडेल. निफाड, दिंडोरी, तासगाव इथल्या बागांमध्ये एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. तिथून घड उतरेपर्यंतचे चार महिने बागायतदाराची झोप हवामानावर अवलंबून असते. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला की डाऊनी, ढगाळ हवा आणि दमटपणा राहिला की भुरी, असे वेलीचे रोग येतात. एक फवारणी चुकली तर घडच्या घड जातात आणि वर्षाचं कर्ज डोक्यावर राहतं. शेतकरी हौसेनं औषध मारत नाही, हे शहरातल्या वाचकानं आधी समजून घ्यायला हवं.

ग्राहक गाडीवाल्याला विचारतो, ‘सेंद्रिय आहेत का?’ त्याच्या मनात मात्र असतं, ‘यात औषध राहिलंय का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं दोन वेगळ्या यंत्रणा देतात. सेंद्रियच्या वादात होणारा निम्मा गोंधळ हे प्रश्न एकात मिसळल्यामुळे होतो, असं माझं ठाम मत आहे.

पहिला प्रश्न पिकवण्याच्या पद्धतीचा. भारतात 2001 पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आहे. त्याच्या नियमांनुसार हंगामी पिकाला साधारण 2 वर्षं आणि द्राक्षासारख्या बहुवर्षायू पिकाला पहिल्या सेंद्रिय तोडणीआधी 3 वर्षं रूपांतराचा काळ काढावा लागतो. या काळात रासायनिक खत-औषध बंद, उत्पन्न बहुधा घटलेलं, आणि माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. शेजारच्या बागेतून फवारा उडून येऊ नये म्हणून बांधालगत मोकळा पट्टा ठेवायचा. निरीक्षक येतो, खरेदीच्या पावत्या, फवारणीची वही, गोदाम पाहतो. दुसरी व्यवस्था सहभाग हमीची, म्हणजे पीजीएस. तिच्यात गावातले किंवा जवळपासचे शेतकरी गट करून एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. दोन्हीकडे गरजेप्रमाणे नमुने तपासले जातात, पण प्रमाणपत्राचा पाया नोंदींचा आणि पद्धतीचा असतो. तुमच्या हातातल्या घडाची प्रयोगशाळेत चाचणी झाली आहे, असं ते सांगत नाही.

शिवाय सेंद्रिय बागेतही फवारणी होते. डाऊनीवर बोर्डो मिश्रण चालतं. एका प्लास्टिकच्या ड्रममध्ये मोरचूद विरघळवायचा, दुसऱ्यात चुन्याची निवळी करायची, मग दोन्ही एकत्र करायचं. एक टक्क्याच्या मिश्रणाला 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि साधारण तितकाच चुना. लोखंडी खिळा किंवा सुरी त्यात बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आणि पानं करपणार. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो भागात 1880 च्या दशकात नावारूपाला आलं. बुरशीवर ते आजही गुणकारी आहे, पण त्यातलं तांबं जमिनीत साठत जातं. म्हणूनच युरोपीय संघानं शेतात वापरायच्या तांब्यावर 7 वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली. सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी, असं गृहीत धरता येत नाही ते यासाठी.

आता दुसरा प्रश्न, अवशेषांचा. त्याचं उत्तर शोधायला महाराष्ट्रातला रासायनिक शेती करणारा बागायतदार शिकला, आणि ठेच लागून शिकला. 2003 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अवशेष सापडले. त्यानंतर अवशेष तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला आणि 2006 मध्ये अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था आली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची कृषी खात्याकडे नोंदणी होते. कोणतं औषध कधी मारलं याची वही राहते. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवसांचं अंतर हवं, ज्याला बागायतदार पीएचआय म्हणतात, ते औषधागणिक ठरलेलं असतं. तोडणीआधी बागेतून नमुना घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासतात. पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या साखळीतली संदर्भ प्रयोगशाळा आहे. अवशेष मर्यादेपेक्षा जास्त निघाले तर त्या बागेचा माल युरोपला जात नाही. पेटीवरच्या क्रमांकावरून थेट बागेपर्यंत मागोवा लागतो.

ही व्यवस्थाही फसली होती. 2010 मध्ये युरोपात पोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड हे वाढरोधक सापडलं आणि कंटेनर अडकले. वेलीची शेंडावाढ रोखायला बागायतदार ते सर्रास वापरत. ते ‘सीसीसी’ नावानं गावोगाव माहीत होतं. तिकडची मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, आणि आपल्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. जे शोधायला सांगितलं तेच प्रयोगशाळा शोधते. त्या हंगामात अनेक बागायतदारांचं कंबरडं मोडलं. पुढे ते यादीत आलं.

खाणाऱ्याच्या दृष्टीनं दोन पद्धतींत फरक किती? 2012 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी आधीच्या शेकडो अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. पोषणमूल्यांत ठळक फरक दिसला नाही. कीडनाशकांचे अवशेष मात्र सेंद्रिय मालाच्या सुमारे 7 टक्के नमुन्यांत, तर इतर मालाच्या 38 टक्के नमुन्यांत आढळले. म्हणजे सेंद्रियमध्ये अवशेष कमी, पण शून्य नाहीत. आणि इतर मालातही ते आढळले म्हणजे मर्यादेबाहेर गेले, असं नव्हे. त्याच वर्षी ‘नेचर’मधल्या एका आढाव्यात सेंद्रिय शेतीचं उत्पादन पीक आणि परिस्थितीनुसार 5 ते 34 टक्के कमी दिसलं. ही तूट कोणी भरायची, हा पुढच्या लेखाचा विषय.

पण या सगळ्या चर्चेत ज्याच्या अंगावर औषध सगळ्यात जास्त पडतं तो माणूस बाजूलाच राहतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, दमट हवा, तोंडाला जेमतेम रुमाल, दोन-तीन औषधांचं मिश्रण. त्या कापसाच्या सरकीत किंवा धाग्यात काय उरलं, हे तपासून त्या मृत्यूंचा थांग लागला नसता. माझ्या लेखी, घातक औषधं कमी करण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. ग्राहकाच्या ताटाचा नंबर त्यानंतर.

द्राक्षं घेताना मण्यावरचा पांढुरका थर पाहून दचकू नका. बोटानं पुसला जाणारा तो एकसारखा मेणचट थर फळाचा स्वतःचा असतो आणि फळ ताजं असल्याची खूण असतो. डाग मात्र ओघळल्यासारखे किंवा निळसर असतील तर ते फवाऱ्याचे असू शकतात. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्यानं वरचं स्पर्शजन्य औषध बरंचसं जातं. वेलीत शोषलं गेलेलं आंतरप्रवाही औषध धुऊन जात नाही. त्यावर पीएचआय पाळणं हाच उपाय, आणि तो शेतकऱ्याच्या हातात आहे.

युरोपच्या ग्राहकासाठी आपण बागवार नोंद, वही, नमुना आणि मागोवा हे सगळं उभं केलं. वाशीच्या किंवा नाशिकच्या बाजारात येणाऱ्या द्राक्षांना अन्नसुरक्षेच्या मर्यादा लागू आहेत, पण प्रत्येक बागेचा नमुना तपासल्याशिवाय माल विकायचा नाही, अशी सक्ती नाही. शेतकरी तेच, बागा त्याच, प्रयोगशाळाही इथल्याच. म्हणून सेंद्रियचं लेबल शोधत असाल तर जरूर शोधा, पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्या सोसायटीत थेट माल आणणाऱ्या गटाकडे अवशेष तपासणीचा अहवाल मागा, फवारणीची वही दाखवणाऱ्या बागायतदाराला दोन पैसे जास्त द्या, आणि देशातल्या बाजारालाही ग्रेपनेटसारखी व्यवस्था हवी, हा आग्रह लोकप्रतिनिधींकडे धरा.