राजीनाम्याचे दोन अर्थ

धर्माबाद तालुक्यातील बाभळी गावाजवळ गोदावरीच्या पात्रात जो बंधारा उभा आहे, त्याचे दरवाजे दरवर्षी १ जुलैला वर उचलले जातात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत नदीला मोकळी वाट द्यावी लागते. पुढे १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खालच्या अंगाला सोडावे लागते. अवघ्या २.७४ टीएमसी साठवणक्षमतेच्या या बंधाऱ्यावरून दोन राज्यांत केवढे रणकंदन माजले होते, याची आजच्या तरुण वाचकास कदाचित कल्पना नसेल. तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने २००६ साली सर्वोच्च न्यायालयात दावा गुदरला. २०१० च्या जुलैत चंद्राबाबू नायडू आपल्या पक्षाच्या लोकप्रतिनिधींसह बंधारा पाहावयास निघाले असता त्यांना अडवून धर्माबादेत ठेवण्यात आले. आणि अखेर २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. त्या निकालातून जे हाती आले ते एका पानावर मावेल इतके साधे होते: केंद्रीय जल आयोगाचा एक आणि दोन्ही राज्यांचा एकेक अशा तिघांची समिती, आणि कोणत्या तारखेस काय करावयाचे याचे वेळापत्रक.

इतके साधे असे काही सुचण्यास सात वर्षे का लागावीत, असे कोणी विचारील. परंतु भांडण एकदा कागदावर चढले, वकीलपत्रे दाखल झाली आणि प्रतिष्ठा पणास लागली, की साधे तेच सर्वांत शेवटी सुचते, हा मनुष्यस्वभावच आहे. नदी एक आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोन, ही जशी बाभळीची कथा, तशी काम एक आणि ते करणारी माणसे अनेक, ही प्रत्येक कचेरीची, शाळेची, कारखान्याची आणि मोंढ्यातील अडत दुकानाची कथा आहे. फरक एवढाच की तेथील तंट्याची दखल घेण्यास कोणी सर्वोच्च न्यायालय बसलेले नसते. तो मनातल्या मनात कुजतो, आणि ज्या दिवशी बाहेर पडतो त्या दिवशी त्याचे रूप ओळखू येण्याजोगे उरलेले नसते.

नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे धर्माबाद हे तेलंगणच्या अगदी सीमेवरचे गाव. लाल मिरचीच्या व्यापारासाठी त्याची ख्याती. पलीकडे थोड्याच अंतरावर बासरची सरस्वती. निजामी अंमलापासून येथे मराठी, तेलुगू आणि दखनी हिंदुस्थानी या तीन बोली एकाच वजनकाट्याभोवती नांदत आल्या आहेत. अशा ठिकाणी कामावरचा तंटा बहुधा पैशापासून सुरू होत नाही. तो हाकेपासून सुरू होतो. साठीच्या हमालाला पंचविशीचा मुनीम ‘ए’ म्हणून हाक मारतो. मिरचीची देठे खुडणाऱ्या बाईला मुकादम चारचौघींत ‘अगं तू’ म्हणून खडसावतो. कचेरीतला नवा कारकून जुन्या शिपायाला, ज्याला सारा गाव मामा म्हणतो, नावाने आणि तेही एकेरी नावाने बोलावतो. ‘अहो-जाहो’ आणि ‘अरे-तुरे’ यांमधले अंतर एका प्रत्ययाचे. पण मराठी माणसाच्या मनात ते अंतर उंबऱ्याइतके उंच असते. ज्याचा अपमान झाला तो त्या दिवशी काही बोलत नाही. तो दुसऱ्या दिवशी उशिरा येतो, तिसऱ्या दिवशी पोते आपटून ठेवतो, आणि महिन्याभराने हजेरीच्या किंवा वजनाच्या एखाद्या क्षुल्लक कारणावरून गळपट्टी धरली जाते. मग लोक म्हणतात, दोन किलोंवरून मारामारी झाली! मारामारी दोन किलोंवरून झालेली नसते. ती महिन्यापूर्वीच्या त्या ‘ए’वरून झालेली असते.

या हाकेपासून गळपट्टीपर्यंतच्या महिन्याभरात कोणीतरी ऐकून घेणारे असावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मराठेशाहीत गावचा तंटा प्रथम पाटलापुढे येई; त्याने मिटला नाही तर गोतसभा बसे, आणि तिच्या निवाड्याचा महजर, म्हणजे निवाडापत्र, होई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेशव्यांचा मुलूख कंपनीकडे गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली आपल्या सरकारास जो अहवाल सादर केला, त्यात या मुलखातील न्यायदानाचे मुख्य साधन म्हणून त्याने पंचायतीचेच वर्णन केले आहे, आणि तिचे दिरंगाईसारखे दोषही झाकून ठेवलेले नाहीत. पंचायत बसण्यापूर्वी वादी आणि प्रतिवादी दोघेही एक कागद लिहून देत: पंच जो निवाडा करतील तो आम्हांस राजीखुशीने मान्य आहे. त्या कागदाचे नाव राजीनामा. ‘राजी’ म्हणजे संमत आणि ‘नामा’ म्हणजे लेख. संमतिपत्र हाच त्याचा मूळ अर्थ. काळाच्या ओघात शब्द तोच राहिला आणि अर्थ मात्र पाठमोरा झाला. आज कचेरीत कोणी राजीनामा दिला म्हणजे तो राजी झाला असे आपण समजत नाही; तो निघून गेला असे समजतो. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये, सलोख्याने बसण्यात आणि वैतागून उठण्यात, जी जागा मोकळी पडली आहे, तीच भरून काढण्याचा प्रयत्न आज जगभर निरनिराळ्या नावांनी चालू आहे.

त्या प्रयत्नाचे एक रूप संयुक्त राष्ट्रसंघाच्या जागतिक अन्न कार्यक्रमासारख्या संस्थांत पाहावयास मिळते. तेथे औपचारिक तक्रार विभाग तर असतोच. परंतु त्याच्या अलीकडे, निरनिराळ्या कार्यालयांतील काही साधे कर्मचारी आपले नेहमीचे काम सांभाळून सहकाऱ्यांचे गाऱ्हाणे ऐकण्याचे व्रत पत्करतात. ते न्यायाधीश नसतात, चौकशी अधिकारी नसतात, वकीलही नसतात. ते ऐकतात, आलेल्या माणसापुढे कोणकोणत्या वाटा आहेत हे सांगतात, आणि कोणती वाट धरावयाची हे त्याच्यावर सोपवतात. अशा विखुरलेल्या माणसांना एका सूत्रात बांधणारा जो समन्वयक, त्याचे काम वरवर पाहता फारसे दिसत नाही. पण सारे जाळे त्याच्याच गाठीवर उभे असते.

या समन्वयकाने प्रथम माणसे निवडावयाची असतात, आणि येथेच बहुतेक ठिकाणी घात होतो. हुद्द्याने थोर, वयाने ज्येष्ठ, सभेत बोलका असा माणूस निवडण्याचा मोह अनिवार असतो. वस्तुतः ज्याच्याजवळ लोक आजही न सांगता जाऊन बसतात, तो माणूस शोधावयाचा असतो. प्रत्येक कचेरीत अशी एखादी लेखनिक बाई किंवा एखादा भांडारपाल असतोच, की ज्याच्या टेबलाशी चहाच्या वेळी कोणीतरी रेंगाळत असते. दुसरे काम शिकवण्याचे: ऐकताना सल्ला न देणे, ‘जाऊ द्या हो, मनावर घेऊ नका’ हे आपले आवडते वाक्य न उच्चारणे, एका बाजूचे ऐकून दुसरीविषयी मत न बनवणे, आणि स्वतःच्या नातलगाचा, जातीचा अथवा वरिष्ठाचा संबंध असेल तेथे आपण होऊन बाजूला होणे. तिसरे काम गोपनीयतेचे. ऐकणाऱ्याने नावनिशी नोंद ठेवावयाची नसते. समन्वयकाकडे जावयाचे ते एवढेच, की या तिमाहीत वजनाविषयी इतकी गाऱ्हाणी, रजेविषयी इतकी, बोलण्याविषयी इतकी. नावे नसलेला हा हिशेबच पुढे धन्याच्या किंवा साहेबाच्या उपयोगी पडतो; कारण एकाच विभागातून बोलण्याविषयीची सात गाऱ्हाणी आली, तर दोष त्या सातजणांच्या हळवेपणात नसून विभागप्रमुखाच्या जिभेत आहे, हे ओळखण्यास ज्योतिषी लागत नाही.

आपल्या कायद्यानेही ही अलीकडची पायरी पूर्वीच ओळखली होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची, त्यांत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी नसतील अशी कार्यसमिती नेमण्याची तरतूद आली, तिचा हेतू रोजच्या कुरबुरी वाढू न देणे हाच होता. २०१० च्या दुरुस्तीने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत तक्रार निवारण समिती आणली, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने दोन्ही समित्या कायम ठेवल्या. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि हमालाच्या मजुरीचा प्रश्न मालक, कामगार आणि सरकार अशा तिघांच्या मंडळापुढे आला. बाजार समितीच्या संचालकांत हमाल-मापाड्यांचा एक प्रतिनिधी बसू लागला. पुण्यात बाबा आढावांनी हमालांची जी संघटना बांधली तिला ‘पंचायत’ हे नाव दिले गेले, यातही परंपरेचे स्मरण आहेच. परंतु मोंढ्यातील चार माणसांच्या दुकानाला ना शंभरांची अट लागू, ना विसांची. म्हणून धर्माबादेसारख्या गावी एकेका दुकानाने नव्हे, तर बाजार समिती, नगरपरिषद, शाळा आणि मिरचीचे कारखाने यांनी मिळून आठ-दहा विश्वासाच्या माणसांचे एक सामायिक जाळे विणावे, त्यांत मराठी, तेलुगू आणि दखनी या तिन्ही बोली समजणारी माणसे असावीत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

मात्र या मार्गावर एक खड्डा आहे, आणि तो महाराष्ट्राने एकदा पाहिलेला आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडावी, दिवाणी, महसुली आणि फौजदारी अशी तंट्यांची वर्गवारी करून नोंदवही ठेवावी, सामोपचाराने मिटवावे, गुण मिळवावेत आणि लोकसंख्येच्या मानाने शासनाचे पारितोषिक घ्यावे, अशी ती योजना. गावोगावी बांधावरची आणि वाटणीची जुनी भांडणे तीमुळे मिटली, हे तिचे यश नाकारण्याचे कारण नाही. परंतु तंटे मोजून जेथे बक्षीस मिळते, तेथे तंटा मिटण्यापेक्षा तो मिटल्याची नोंद होणे अधिक मोलाचे ठरण्याचा धोका असतोच. आणि त्या घाईत जो दुबळा, जी एकटी, त्यांच्यावर ‘गावासाठी’ माघार घेण्याचा भार पडतो. कामाच्या ठिकाणच्या जाळ्यास म्हणूनच पारितोषिक लावू नये. किती भांडणे मिटली, यापेक्षा किती माणसे निर्भयपणे बोलावयास आली, हे त्याचे माप असावे.

आणि काही गाऱ्हाणी अशी आहेत की ती मिटवण्याचा अधिकार या जाळ्यास मुळीच नाही. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी या साथिनीवर, म्हणजे सरकारी कार्यक्रमातील गावपातळीच्या कार्यकर्तीवर, १९९२ साली, आपले कर्तव्य बजावल्याबद्दल, जो अत्याचार झाला, त्यातून विशाखा खटला उभा राहिला; १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि सोळा वर्षांनी, २०१३ साली, कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे अंतर्गत समिती हवी. जेथे त्याहून कमी, तेथील स्त्रीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, आणि तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याने आलेली तक्रार सात दिवसांत तिच्याकडे पाठवावयाची आहे. म्हणजे मिरची खुडणाऱ्या बाईला त्यासाठी नांदेडची वाट तुडवावी लागू नये, अशी योजना कायद्यातच आहे. ती तिला ठाऊक असणे तेवढे राहून जाते. याच कायद्यात समेटाचे एक कलम आहे आणि ते बारकाईने वाचण्याजोगे आहे: समेट व्हावयाचा तो केवळ पीडित स्त्रीने स्वतः मागितला तरच, चौकशी सुरू होण्यापूर्वी, आणि तोही पैशाच्या आधारावर नाही. येथे ऐकणाऱ्या सहकाऱ्याचे काम एवढेच, की तिला तक्रारीची मुदत सामान्यतः तीन महिन्यांची आहे हे सांगावे, तिला हवे असेल तर तक्रार लिहून देण्यास साहाय्य करावे, आणि मध्यस्थीचा मोह आवरावा. जातीवरून केलेली शिवीगाळ, मारहाण, वेतन बुडवणे यांनाही हाच न्याय. सलोखा हा हक्काचा पर्याय नव्हे. जेथे हक्काचा भंग झाला तेथे सलोख्याची भाषा करणे म्हणजे दुसऱ्यांदा अन्याय करणे होय.

एल्फिन्स्टनने पाहिलेल्या पंचायतीत आणि आजच्या या जाळ्यात मोठा भेद येथेच आहे. ती पंचायत निवाडा करीत असे आणि जातीच्या, वतनाच्या उतरंडीत बसलेली होती. आजच्या ऐकणाऱ्याने निवाडा करावयाचा नाही आणि उतरंड तर दारातच उतरवून ठेवावयाची आहे. परंतु एक गोष्ट त्या जुन्या व्यवहारातून आजही घेण्यासारखी आहे, ती म्हणजे बसण्यापूर्वी दोघांचीही संमती. साहेबाच्या दालनात बोलावून ‘आता हात मिळवा’ म्हणून करविलेला समेट हा समेट नसतो. तो हुकूम असतो, आणि हुकमाने मिळालेले हात दालनाबाहेर पडताच सुटतात.

वाचकांपैकी जे कोणी चार माणसांचेही धनी, मुख्याध्यापक, मुकादम किंवा साहेब असतील, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की समिती, सूत्र, समन्वयक हे सारे यथावकाश होईल. उद्या सकाळी हजेरी घेताना समोरच्या प्रत्येकाला ‘अहो’ म्हणून हाक मारून पाहावी. त्याला खर्च नाही, ठराव नाही, आणि वरून मंजुरीही लागत नाही.