मामाचे कान, भाच्याची किडनी

२००६ पासून मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक मूत्रपिंड दिन पाळला जातो आणि दरवर्षी त्याच सूचना छापून येतात: साखर सांभाळा, रक्तदाब तपासा, मीठ कमी करा, वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. सूचना रास्तच आहेत. पण विशीतला, निर्व्यसनी, धडधाकट मुलगा डायलिसिसवर येतो, तेव्हा त्याच्या घरच्यांनी यातून काय घ्यायचं? अशा काही मुलांच्या दुखण्याचं मूळ आजोळी सापडतं.

आजाराचं नाव आल्पोर्ट सिंड्रोम. लघवीतून रक्त, हळूहळू येणारा बहिरेपणा आणि पुरुषांचा अकाली मृत्यू हे सगळं एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालतं, हे डॉ. आर्थर सेसिल आल्पोर्ट यांनी १९२७ मध्ये लंडनमधून मांडलं. दोष नेमका कुठे आहे ते कळायला १९९० साल उजाडलं. एक्स गुणसूत्रावरचा ‘कोल-४-ए-५’ हा कोलॅजेनचा जनुक बिघडलेला असतो. त्याची भावंडं, कोल-४-ए-३ आणि कोल-४-ए-४, दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसतात. त्यांच्या बिघाडानेही हाच आजार होतो.

कोलॅजेन म्हटलं की हल्ली चेहऱ्याच्या क्रीमची जाहिरात आठवते. मला मात्र मद्रासचे गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आठवतात. १९५२ मध्ये तिशीतला हा माणूस मद्रास विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा विभाग उभा करायला आला. त्याच सुमारास जे. डी. बर्नाल हे ब्रिटिश शास्त्रज्ञ मद्रासला येऊन गेले आणि कोलॅजेनची रचना अजून कुणाला नीट उलगडलेली नाही, हे त्यांच्या बोलण्यात आलं. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाची क्ष-किरण चित्रं काढली आणि १९५४-५५ मध्ये जगाला सांगितलं की कोलॅजेन म्हणजे तीन पदरांचा पीळ आहे. त्यातला मर्माचा मुद्दा असा: प्रत्येक पदरात दर तिसऱ्या जागी ग्लायसिनच हवं. पिळाच्या आत जागा इतकी थोडी असते की सगळ्यांत लहान असलेलं हे अमिनो आम्लच तिथे मावतं. त्याच्या जागी दुसरं काही आलं की पीळ बसत नाही.

आल्पोर्टच्या असंख्य रुग्णांत नेमकं हेच घडलेलं असतं. कोल-४-ए-५ पासून बनणाऱ्या साखळीत १६८५ अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या एका ग्लायसिनची जागा दुसऱ्याने घेतली, एवढं एक माणूस अंथरुणाला खिळायला पुरतं. मद्रासच्या प्रयोगशाळेत सापडलेला हा नियम आज जनुक-चाचणीच्या अहवालात डॉक्टर रोज वापरतात. रामचंद्रन यांना नोबेल मिळालं नाही याची मला खंत आहे, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांच्याविषयी इतकं थोडं असतं याची त्याहून जास्त.

एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांच्या भिंतीत हा तीन पदरी पीळ असतो. तोच कानाच्या आतल्या शंखात आणि डोळ्यातल्या भिंगाच्या आवरणातही असतो. म्हणून किडनी, कान आणि डोळे एकाच दोषाने बिघडतात.

पेण-रोह्याकडच्या घरात हे कसं दिसतं? सर्दी-ताप आला की मुलाची लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणत धने-जिऱ्याचं पाणी दिलं जातं. दोन दिवसांत रंग निवळतो आणि विषय मिटतो. पुढे आठवी-नववीत मास्तर तक्रार करतात की मुलगा हाक मारली तरी लक्ष देत नाही. दोन्ही गोष्टी जोडल्या जात नाहीत. त्या जोडल्या जातात तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट गाळत नसल्याची खूण, वाढलेलं असतं आणि रोहा-दिवा गाडीने मुंबईच्या खेपा सुरू झालेल्या असतात.

अशा वेळी मी डॉक्टर असतो तर पहिला प्रश्न विचारला असता: मामाला ऐकू येतं का? एक्स गुणसूत्रावरचा हा बिघडलेला जनुक मुलाला आईकडूनच मिळतो, बापाकडून मुलाला जात नाही. आजार असलेल्या पुरुषाच्या मात्र सगळ्या मुलींकडे तो जातो. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाची मुलगी करायची रीत आहे. मामा आजारी असेल तर ती मुलगी दोष घेऊनच येते. (काही मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो, घराण्यात कुणी नसलं म्हणून निश्चिंत होऊ नये.)

युरोपातल्या मोठ्या पाहणीत या जनुकाचा दोष असलेल्या पुरुषांपैकी ९० टक्क्यांची मूत्रपिंडं चाळिशीच्या आत निकामी झाली होती. बायकांत हे प्रमाण चाळिशीपर्यंत १२ टक्के आणि साठीपर्यंत ३० टक्के निघालं. ‘ती फक्त वाहक आहे’ हे वाक्य म्हणूनच मला खुपतं. तिच्या लघवीत रक्त असतं, तिलाही धोका असतो. आणि आपल्याकडे जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायकाच जास्त. मुलासाठी आई पुढे होते, सगळे डोळे पुसतात आणि तिची स्वतःची किडनी कोणत्या धाग्याची आहे हे जनुक-चाचणीने पाहायचं राहून जातं. दोष असलेल्या आईचा विचार दाता म्हणून अगदी शेवटी व्हावा, असं तज्ज्ञ सांगतात. हे प्रत्येक घराला आधी कळायला हवं.

आजार बरा करणारं औषध आज नाही. पण लांबवणारं आहे, आणि तेही स्वस्त. रामिप्रिल ही रक्तदाबाची जुनी गोळी लहान वयात सुरू केली तर मूत्रपिंडाची झीज मंदावू शकते, असा निष्कर्ष २०२० मध्ये जर्मनीतल्या बालरुग्णांवरच्या चाचणीतून निघाला. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची ही गोळी आहे, गरोदरपणात तर मुळीच नाही. पण ती मिळायला आधी आजार सापडला पाहिजे.

सापडायला काय लागतं? एक कागदी पट्टी. ती लघवीत बुडवायची आणि मिनिटभर थांबायचं. रक्त असेल तर पिवळा चौकोन हिरवा होतो. जपानमध्ये १९७४ पासून शाळकरी मुलांची लघवी दरवर्षी तपासतात. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत येतात, कान-डोळे बघतात. त्यांच्या मूळ ३० दुखण्यांच्या यादीत सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे. मूत्रपिंडाचं एकही दुखणं नाही. ही उणीव राज्य सरकारने भरून काढायला हवी. तोवर रायगड जिल्हा परिषदेने एवढं तरी करावं: पेण आणि रोहा तालुक्यांत ज्या मुलाला कमी ऐकू येतं असं पथकाला आढळेल, त्याची लघवी त्याच दिवशी पट्टीवर तपासावी. आणि ज्यांच्या आजोळी कुणी तरुणपणी डायलिसिसवर गेलं असेल, त्यांनी मुलांसोबत आईचीही लघवी या आठवड्यात उपजिल्हा रुग्णालयात तपासून घ्यावी.