फ्यूज मोटर वाचवतो, माणसाला नाही! स्टार्टर पेटीत नेमकं काय काम करतं?

रात्रीची लाईट आली, बागेला पाणी द्यायचंय आणि फ्यूज उडालेला. मग हाताला लागेल ती जाड तार गुंडाळून मोटर चालू केली जाते. निफाड असो की सिन्नर, हे चित्र नवं नाही.

फ्यूजची तार मुद्दाम बारीक ठेवलेली असते. जास्त करंट गेला की ती स्वतः वितळते आणि पुढची वायर वाचते. जाड तार वितळत नाही, मग जळते ती केबल, नाहीतर मोटर. ५ एचपीची मोटर साधारण ७ ते साडेसात अँपिअर घेते, पण चालू होताना क्षणभर पाच-सहा पट ओढते. म्हणून स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले लगेच पडत नाही, त्यातली पट्टी तापून वाकायला वेळ लागतो. सारखा ट्रिप होतो म्हणून काहीजण त्याचा काटा वाढवून ठेवतात. मग तो असून नसल्यासारखाच. काटा मोटरच्या प्लेटवरचे अँपिअर बघून वायरमनकडून लावून घ्यावा.

माणसाचं गणित वेगळं आहे. अंगातून ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट काही क्षण गेला तरी जिवावर बेतू शकतं. १५ अँपिअरच्या फ्यूजला एवढ्याचा पत्ताही लागत नाही. माणूस चिकटलेला आणि फ्यूज शाबूत! घरातल्या एमसीबीचंही तेच. तिथं आरसीसीबी लागतो, ज्याला आपल्याकडे सरसकट ईएलसीबी म्हणतात. जाणारा आणि परत येणारा करंट तो सतत ताडून बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट कुठंतरी जमिनीत उतरतोय, की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईट तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघावं. बटण दाबून पडला नाही तर तो बदलावा.

पत्र्याच्या पेटीला अर्थिंग हवंच. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की ते कमजोर होतं, त्यात पाणी टाकत राहावं.

द्राक्षबागेत आणखी एक धोका. लोखंडी अँगल आणि तारा एकमेकांना जोडलेल्या असतात. एका कोपऱ्यात केबल घासून उघडी पडली तर अख्ख्या ओळीत करंट उतरू शकतो.

वादळात लाईनची तार तुटून कोरड्या किंवा मुरमाड जमिनीवर पडली, तर कधीकधी डीपीवरचा फ्यूज जातच नाही. ठिणगी नाही, आवाज नाही, तरी तार चालू असते. तिच्या जवळ जाऊ नये, जनावरं लांब ठेवावीत आणि १९१२ वर फोन करावा.