घर पाहावं शोधून... मांजरासाठी!

"मॅडम, परवा घराला कुलूप लावतोय. मांजर नेता का?"

गेले होते घरांची स्टोरी करायला आणि हातात आलं मांजर! सोलापूरहून अक्कलकोट रोडला लागलं की कुंभारी येतं. 19 जानेवारी 2024 रोजी इथल्या रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजार घरं पंतप्रधान मोदींच्या हस्ते कामगारांना मिळाली. त्याआधीची वसाहत गोदूताई परुळेकरांच्या नावाची. विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांची, 2006 सालची. त्या जुन्या वसाहतीत मी सहज कुणाशी तरी बोलायला थांबले, तर त्या घरातली म्हातारी आठवड्यापूर्वीच गेलेली. गल्ली तिला अव्वा म्हणायची. मुलगा भिवंडीला लूमवर, परत निघायच्या घाईत. आणि माळ्यावर, गोधड्यांच्या मागे, दोन हिरवे डोळे.

"नाव काय हिचं?"

"पिल्ली."

मला वाटलं, पिल्लू म्हणतोय. चांगली चार-पाच वर्षांची मांजर होती हो!

अव्वाला ती कारखान्याच्या दारात भिजलेली सापडली होती. तेव्हापासून अव्वा विड्या वळायची आणि ही शेजारी बसायची, बस्स. दुसऱ्या कुणाच्या हाताला कधी आली नाही. मी तिला भाजीच्या टोपलीत घालून जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी आणलं. (आईची रिअॅक्शन छापण्यासारखी नाही.) टोपली उघडताच ती कपाटामागे गेली. पहिला दीड दिवस वाटीला तोंडही लावलं नाही. मग मात्र माझी तंतरली.

डॉक्टर म्हणाले, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर चरबी लिव्हरवर चढते, जिवावर बेततं. त्यामुळे 'रुसलीय, खाईल नंतर' हा फंडा इथे चालत नाही. वास सुटेल असं कोमट मासळीचं पाणी द्या, एकच खोली द्या, लपायला खोकं द्या, आणि कृपा करून ओढून बाहेर काढू नका. लस आणि नसबंदी ती खायला लागल्यावर बघू. त्या रात्री दोन वाजता कपाटामागून लपलप आवाज आला. मी अंधारात श्वास रोखून ऐकत बसले. एवढं टेन्शन मला बोर्डाच्या रिझल्टचंही नव्हतं.

मांजराला दुःख होतं का? 2024 मध्ये अमेरिकेतल्या ओकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी मांजरं पाळणाऱ्या शेकडो लोकांना विचारलं. घरातलं दुसरं जनावर गेल्यावर मांजरांची झोप, खाणं, खेळणं कमी झाल्याचं अनेकांनी सांगितलं. पण संशोधकांनी एक शंकाही नोंदवली, की माणसं स्वतःचंच दुःख मांजरात पाहत असतील. मला हे पटलं. मीही पिल्लीकडे बघून अव्वासाठी हळहळत होते, आणि अव्वाला तर मी कधी भेटलेही नव्हते.

मग नवं घर शोधायला लागले. पुण्याहून एक जोडपं आलं. दोघंही आयटीत, बाणेरला टू बीएचके, खिडक्यांना जाळ्या, मांजरासाठी खास झाड, सगळं टापटीप. मी मनातल्या मनात सुटले. पाचव्या दिवशी फोन. "ती बेडखालून बाहेरच येत नाही. आम्ही दिवसभर ऑफिसला, घरी आल्यावर थोडी कंपनी हवी ना..." राग आला, पण त्यांचंही खरंच होतं. त्यांना हवं होतं मांडीवर येऊन बसणारं मांजर. आणि मी फोटो टाकताना 'थोडी लाजाळू' असं लिहिलं होतं! हे म्हणजे स्थळ दाखवताना वय चोरण्यासारखं. दुसऱ्यांदा स्पष्ट लिहिलं: हात लावू देत नाही, कदाचित कधीच देणार नाही. त्यावर फोनच आला नाही.

शेवटी कुंभारीला फोन केला, अव्वाच्या शेजारणीला. ती म्हणाली, "आमच्या अक्काला विचार की. तिला रे नगरात घर मिळालंय, एकटीच असते." अक्का म्हणजे अव्वाबरोबर कारखान्यात विड्या टाकायला जाणारी बाई. मला एकच धास्ती होती. जुनं घर जवळच, मांजर पळून कुलपापाशी जाऊन बसली तर? कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, असं आपल्याकडे म्हणतातच. डॉक्टरांनी सांगितलं, निदान महिनाभर दार-खिडकी बंद. अक्काला ते सांगितलं, तर ती म्हणाली, "मला तरी कुठं जायचंय, ताई?"

मी टोपली ठेवली. पिल्ली थेट पलंगाखाली. मी नेहमीसारखं "ये ये, मनी ये" सुरू केलं. अक्का हसायलाच लागली. "तिला मराठी कुठं येतंय! तेलुगूत पिल्ली म्हणजे मांजर."

मी थंड. पाच आठवडे मी तिला परक्या भाषेत हाका मारत होते.

अक्कानं हाक मारलीच नाही. तिनं भिजवलेली तेंदूची पानं घेतली, पत्र्याचं माप ठेवलं आणि कात्रीनं कापायला बसली. कच्, कच्, कच्. तंबाखूचं सूप मात्र तिनं फळीवर ठेवलं होतं, कारण तो मांजराच्या पोटात गेला तर विष, हे मी तिला दोनदा बजावलं होतं. दहाएक मिनिटांनी पलंगाखालून एक कान दिसला. मग दुसरा.

मी हळूच डोळे मिटले, उघडले. सावकाश डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाकडे मांजरं जास्त येतात, असं ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांनी 2020 मध्ये प्रयोग करून दाखवलंय. माझ्याकडे ती ढुंकूनही बघेना. कात्रीकडे बघत होती.

परवा अक्काचा फोन आला. नसबंदीचे टाके भरलेत, भाकरी दुधात कुस्करून दिली तरच खाते, दार उघडं असलं तरी उंबऱ्यापर्यंतच जाते.

"आणि मांडीवर?"

"छे! हातभर लांब बसते," अक्का म्हणाली. "अव्वाजवळपण तेवढीच लांब बसायची की."