शिवराई कुठे सापडली?

शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’ असते. साल सहसा नसते, टांकसाळीचे नावही नसते. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकापासूनचे हे तांब्याचे नाणे साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही त्याच नावाने पडत राहिले. त्यामुळे सातारा-सांगलीकडे ‘खुद्द महाराजांच्या काळातली’ म्हणून दाखवली जाणारी शिवराई बहुधा नंतरची निघते. अक्षरे न्याहाळली की प्रकार ओळखता येतात: ठसा चकतीहून मोठा असल्याने कडेचे अक्षर अर्धेच उमटलेले असते, कुठे ‘शिव’ तर कुठे ‘सिव’ वाचता येते, उशिराच्या दुदांडी शिवराईवर दोन ओळींमध्ये दुहेरी रेघ असते. पण एवढ्यावरून नाणे कोणत्या टांकसाळीचे, ते ठरत नाही.

चीनमधली इसवी सनापूर्वीची फावड्याच्या आकाराची कांस्य नाणी या बाबतीत सुदैवी आहेत. ती साच्यात ओतलेली, आणि त्यांतल्या अनेकांवर नगराचे नावच आहे. ते नाणे कुठेही विकले गेले तरी आपले गाव सांगते. शिवराईचे गाव मात्र ज्याला ती सापडते, फक्त त्यालाच ठाऊक असते. एकाच वळणाची नाणी एकाच टापूत पुन्हा पुन्हा मिळाली, तरच टांकसाळीचा अंदाज बांधता येतो. म्हणून माझ्या मते संग्राहकाची खरी कसोटी दुर्मीळ नाणे मिळवण्यात नाही, तर पाकिटावर गाव, जागा आणि वजन लिहिण्यात आहे. चिंचेने घासून लखलखीत केलेली शिवराई तर दुहेरी नुकसान करते: वरचे पुट जाते आणि अक्षरांच्या कडाही बोथट होतात.

यावर कुणी म्हणेल, संग्राहक नसते तर ही नाणी भट्टीत वितळली असती, आणि मोडीच्या ढिगातून आलेल्या नाण्याला गाव कुठून आणायचे? पहिली गोष्ट खरीच आहे. पण ढीग कोणत्या पेठेतल्या दुकानातून आला, एवढे तरी लिहिता येते. साताऱ्याजवळच्या माहुलीच्या संगमावरचे नाणे आणि सांगलीजवळच्या हरिपूरचे नाणे एकाच डब्यात पडण्यापेक्षा ते बरे. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि त्या धाकाने शेतकरी गावच लपवतो. कायदा मोडा असे म्हणता येणार नाही. पण ‘कुठे सापडले’ हा प्रश्न चौकशीच्या सुरात विचारला, तर खरे उत्तर मिळत नाही, हेही तितकेच खरे.