रूपविकारी ताऱ्यांचे हौशी निरीक्षण

ज्या ताऱ्यांची दृश्य तेजस्विता काळानुसार कमीजास्त होते, त्यांना रूपविकारी तारे किंवा चलतारे म्हणतात. अशा ताऱ्यांच्या तेजस्वितेचा अंदाज नियमितपणे घेऊन त्याची वेळेसह नोंद ठेवणे हा हौशी खगोलनिरीक्षणाचा एक जुना प्रकार आहे. केवळ आकाशदर्शनाच्या आनंदासाठी केलेल्या निरीक्षणापेक्षा तो एका बाबतीत वेगळा ठरतो. यातील नोंदी व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ संशोधनासाठी प्रत्यक्ष वापरतात.

मोठ्या दुर्बिणींवरील वेळ मर्यादित असतो आणि तो मोजक्या रात्रींसाठी मिळतो. अनेक रूपविकारी तारे मात्र महिनोन्‌महिने, काही तर दशकानुदशके बदलत राहतात. त्यांचा अखंड इतिहास प्रामुख्याने हौशी निरीक्षकांच्या वह्यांतून तयार झाला आहे.

इतिहास

डाव्हिड फाब्रित्सियुस या पाद्र्याने १५९६ मध्ये तिमिंगल तारकासमूहातील एक तारा प्रथम ठळक आणि नंतर दिसेनासा झालेला पाहिला. हाच ओमिक्रॉन सेटी अर्थात मीरा. त्याची तेजस्विता सुमारे ३३२ दिवसांच्या आवर्तनात बदलते. एरवी नुसत्या डोळ्यांना न दिसणारा हा तारा कमाल तेजाच्या वेळी तिसऱ्या प्रतीच्या आसपास, कधी त्याहूनही ठळक होतो.

इंग्लंडमधील यॉर्क येथे जॉन गुडरिक आणि त्याचा शेजारी एडवर्ड पिगॉट यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस या निरीक्षणाला शिस्त आणली. बालपणीच श्रवणशक्ती गमावलेल्या गुडरिकने वयाच्या अठराव्या वर्षी, १७८२ मध्ये, ययाति तारकासमूहातील अल्गॉल या ताऱ्याचे तेज ठरावीक काळाने घटते हे पाहिले. एखादी गडद वस्तू ताऱ्याभोवती फिरताना त्याला झाकत असावी, अशी शक्यता त्याने मांडली. वर्णपटाच्या अभ्यासातून १८८९ मध्ये ही कल्पना खरी ठरली. अल्गॉल हा पिधानकारी युग्मतारा आहे. गुडरिकने १७८४ मध्ये वृषपर्वा तारकासमूहातील डेल्टा सेफी या ताऱ्याचे बदलही नोंदवले. त्याच प्रकारच्या ताऱ्यांवरून पुढे दीर्घिकांची अंतरे मोजता आली. गुडरिक मात्र १७८६ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, मरण पावला.

जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीड्रिश आर्गेलांडर याने १८४४ मध्ये हौशी मंडळींना या कामात उतरण्याचे जाहीर आवाहन केले. १९११ मध्ये स्थापन झालेली ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स’ ही संस्था आज जगभरातील नोंदी एकत्र करते.

भारतीय उपखंडातील सर्वांत उल्लेखनीय निरीक्षक म्हणजे राधागोविंद चंद्र (१८७८–१९७५). ते जेसोर (आता बांगलादेशात) येथील सरकारी खजिन्यात नोकरी करीत. त्यांच्याकडे तीन इंची दुर्बीण होती. १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात दिसलेला नवतारा त्यांनी स्वतंत्रपणे पाहिला. त्यानंतर ते वरील अमेरिकन संस्थेसाठी निरीक्षणे करू लागले आणि पुढील काही दशकांत त्यांनी ३७,००० हून अधिक नोंदी पाठवल्या. संस्थेने त्यांना वापरण्यासाठी सहा इंची दुर्बीण पाठवली होती. तीच दुर्बीण पुढे वेणू बाप्पू यांच्यामार्फत तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेकडे गेली.

निरीक्षणाची पद्धत

ताऱ्याची तेजस्विता ‘प्रत’ या मापाने सांगतात. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक. अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना सुमारे सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात.

रूपविकारी ताऱ्याच्या आसपासच्या, तेज न बदलणाऱ्या ताऱ्यांना तुलना-तारे म्हणतात. नकाशावर त्यांच्या प्रती दशांशचिन्ह गाळून छापलेल्या असतात, म्हणजे ६५ याचा अर्थ ६.५. छापलेला ठिपका चुकून तारा समजला जाऊ नये, हे त्यामागील कारण. अभ्यासाचा तारा ६५ पेक्षा मंद आणि ७१ पेक्षा ठळक असून ६५ पासून एक तृतीयांश अंतरावर वाटला, तर त्याची प्रत ६.७ नोंदवली जाते. सरावलेल्या डोळ्याचा अंदाज साधारणतः ०.१ ते ०.३ प्रतीपर्यंत अचूक असतो. एका नोंदीतील ही चूक लहान नाही, पण अनेक निरीक्षकांच्या शेकडो नोंदी एकत्र आल्या की तेजाचा आलेख स्पष्ट उमटतो.

लाल तारे विशेष फसवे असतात. त्यांच्याकडे टक लावून पाहिल्यास ते हळूहळू अधिक ठळक भासू लागतात, म्हणून ओझरता कटाक्ष टाकून निर्णय घ्यावा लागतो. अतिमंद ताऱ्यासाठी नजर किंचित बाजूला ठेवतात, कारण डोळ्याच्या पडद्याचा कडेचा भाग अंधारात अधिक संवेदनशील असतो.

वेळेची नोंद ज्युलियन दिनांकात करतात. हा दिवस जागतिक वेळेनुसार दुपारी बारा वाजता, म्हणजेच भारतीय प्रमाणवेळेनुसार सायंकाळी साडेपाचला सुरू होतो. त्यामुळे भारतातील निरीक्षकाची संपूर्ण रात्र एकाच ज्युलियन दिवसात बसते. युरोपातील निरीक्षकांनाही हीच सोय आहे, अमेरिकेच्या पश्चिम भागातील निरीक्षकांना मात्र पहाटे दिनांक बदलावा लागतो.

पूर्वग्रह आणि ‘न दिसल्याची’ नोंद

या कामातील खरा धोका दुर्बिणीच्या आकाराचा नसून अपेक्षेचा आहे. मागील नोंद ६.७ असल्याचे किंवा आज तेज कमाल असायला हवे हे ठाऊक असले, की डोळा नकळत तोच आकडा शोधू लागतो. म्हणून आधीच्या नोंदी न पाहता अंदाज घ्यावा आणि एकदा लिहिलेला आकडा इतरांच्या आकड्यांशी जुळत नाही एवढ्या कारणाने बदलू नये, असा संकेत आहे. जुळवून घेतलेली नोंद चुकीच्या नोंदीपेक्षा अधिक घातक असते, कारण ती नंतर ओळखता येत नाही.

तारा न दिसणे हीदेखील नोंद असते. अशा वेळी दिसलेल्या सर्वांत मंद तुलना-ताऱ्याची प्रत देऊन ‘त्यापेक्षा मंद’ असे लिहितात. उत्तर मुकुट तारकासमूहातील आर कोरोनी बोरिॲलिस हा तारा एरवी सहाव्या प्रतीचा असतो. पण त्याने बाहेर टाकलेल्या कार्बनच्या धुळीमुळे तो अनपेक्षितपणे चौदाव्या प्रतीपर्यंत किंवा त्याहूनही मंद होतो. २००७ मध्ये सुरू झालेली त्याची मंदी अनेक वर्षे टिकली. अशा काळात साध्या द्विनेत्रीने घेतलेल्या ‘दिसत नाही’ या नोंदींनाही मोल असते. हबल अवकाश दुर्बिणीने काही स्फोटशील युग्मताऱ्यांचे निरीक्षण करण्यापूर्वी ते तारे उद्रेकावस्थेत नाहीत याची खात्री हौशी निरीक्षकांकडून करून घेण्यात आली होती, कारण अतितेजाने उपकरणाला इजा होण्याचा संभव होता.

नवशिक्यांसाठी तारे

अल्गॉलसाठी कोणतेही साधन लागत नाही. त्याचे तेज २.१ वरून ३.४ प्रतीपर्यंत घटते आणि दोन किमान तेजांमध्ये २ दिवस २० तास ४९ मिनिटे जातात. सोमवारी पहाटे एक वाजता किमान तेज असल्यास पुढील किमान तेज बुधवारी रात्री ९ वाजून ४९ मिनिटांनी येते. तेज उतरण्यास सुमारे पाच तास लागतात. तुलना करताना शेजारचा ऱ्हो पर्सेई हा तारा टाळावा, कारण तो स्वतःच रूपविकारी आहे.

मृगातील काक्षी शहरातूनही दिसतो. त्याचे तेज साधारणतः ०.५ प्रतीच्या आसपास असते. २०१९ च्या अखेरीस ते घटू लागले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १.६ प्रतीपर्यंत खाली आले. ताऱ्यातून बाहेर पडलेल्या वायूपासून बनलेली धूळ त्यास कारण मानली जाते. रोहिणी (०.९) आणि प्रश्वा (०.३) यांच्याशी तुलना करून ही घट कोणालाही पाहता आली. फार ठळक तारे मोठ्या सर्वेक्षण दुर्बिणींच्या कॅमेऱ्यांना दिपवून टाकतात. त्यामुळे स्वयंचलित सर्वेक्षणांच्या काळातही अशा ताऱ्यांवर लक्ष ठेवण्याचे काम हौशी निरीक्षकांकडे राहिले आहे.

महाराष्ट्रातील परिस्थिती

पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, तर मुंबईचे खगोल मंडळ त्यानंतरच्या काळात हौशी निरीक्षकांना एकत्र आणत आले आहे. शहरी प्रकाशामुळे मंद ताऱ्यांसाठी बाहेर जावे लागते. मुंबईकरांसाठी वांगणी हे परिचित ठिकाण आहे. आकाशाचा अंधार एक ते नऊ अशा श्रेणींत मोजणारी बॉर्टल मोजपट्टी (२००१) तयार करणारे जॉन बॉर्टल हे स्वतः रूपविकारी ताऱ्यांचे निरीक्षक आहेत, हा योगायोग नव्हे.

मोठी अडचण मात्र पावसाळ्याची आहे. जून ते सप्टेंबर या काळात उत्तर मुकुट आणि हंस हे तारकासमूह रात्री उत्तम स्थितीत असतात, आणि नेमके तेव्हाच आकाश ढगाळ असते. या महिन्यांतील आलेख इतर देशांतील निरीक्षक पूर्ण करतात. उलट ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात, युरोप ढगांखाली असताना, भारतातील निरभ्र रात्रींच्या नोंदी उपयोगी पडतात. जपान आणि युरोप यांच्या दरम्यानच्या रेखांशांवर निरीक्षक तुलनेने विरळ असल्याने भारतातून पाठवलेली एखादी नोंद त्या रात्रीच्या कित्येक तासांतील एकमेव असू शकते.